बाबांसाठी काढलेली लग्नाची कॅसेट

पंच्याऐंशी सालची गोष्ट. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मांडवपरतणीला कामठीहून माहेरी, इतवारीत आले... तर बाबांच्या खाटेसमोर टीव्ही मांडलेला, शेजारी भाड्याचा व्हीसीआर.

लग्नाच्या तोंडावर बाबांना हार्ट अटॅक आला होता. हॉलवर जायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली, कन्यादान काकांनी केलं. बाबा एवढंच म्हणाले होते, "मले निदान पाहाले तं मिळू द्या."

वामनमामा आमच्या घरातले हौशी शूटिंगवाले. पण त्यांच्या कॅमेऱ्याची फिल्म धुवायला मुंबईला जायची, आणि महिनाभर वाट पाहायची हिंमत आमच्यात कुणातच नव्हती. म्हणून त्यांनी जन्मात पहिल्यांदा व्हिडिओ कॅमेरा हातात घेतला.

कॅसेट लागली. हॉलचं गेट दिसलं, वरात आली... आणि चित्र एकदम खाली. चपला. सतरंजी. परत चपला!

मामांच्या जुन्या कॅमेऱ्यात बटणावरचं बोट काढलं की शूटिंग बंद व्हायचं. या कॅमेऱ्यात एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. गेटवर त्यांनी सवयीने नुसतं बोट काढलं, आणि पुढे आठवणीने दाबत गेले तरी तिथून दिवसभर सगळं उलटं झालं. चालू करायला दाबलं की बंद, बंद करायला दाबलं की चालू...

हार नाही, मंगलाष्टकं नाहीत, सप्तपदी नाही. नुसते लोकांचे पाय, पंगत, भाजीच्या बादल्या, आणि काकांचा आवाज, "अबे, कढी आण, कढी!"

मामा पांढरेफटक पडले. "भाऊजी, बटन तं बरोबरच दाबलं होतं मी..." आईने गोळ्यांची डबी हातात घेतली. मी टीव्ही सोडून फक्त बाबांच्या छातीकडे पाहत होते. देवा, यांना काही होऊ देऊ नको...

आणि बाबा उशीवरून उठायलाच लागले. टीव्हीकडे बोट दाखवून ओरडले, "अरे, त्या कोपऱ्यात कढी नाही पोचली! व्याह्यांचे लोक बसले तिथं! काहून कोणी पाहत नाही?"

आई घाबरून म्हणाली, "अहो, झालं ना लग्न काल. सगळे जेवले, सगळे खूश होते."

"बंद करू काय?" मामांनी कसंबसं विचारलं.

"काहून?" बाबा म्हणाले. "पोरीच्या बापाले लगन दिसते काय गा कधी? तो तं चपला अन् पंगतच पाहत फिरते."

मग हसले, आणि हसता हसता रडायला लागले. आम्ही सगळेच रडलो... मामा सगळ्यांत जास्त.

त्या कॅसेटमध्ये माझा चेहरा कुठेच नाही. एका जागी नुसते माझे जोडवी घातलेले पाय दिसतात. बाबा तेवढं मागे घेऊन घेऊन पाहायचे.

माझ्या लग्नाला बाबा नव्हते, असं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.