अवसरीत सुनीताचा शब्द

पेठ गाव मागं पडलं आणि पुण्याहून निघालेल्या एसटीच्या खिडकीतून बटाट्याची हिरवीगार वावरं (शेतं) दिसायला लागली. मंचरला उतरून रिक्षा केली. "अवसरी बुद्रुक, वेफर्सवाल्या बायकांकडं," म्हटलं, तर रिक्षावाला म्हणाला, "लई भारी माल अस्तो त्यांचा, ताई." त्यांच्या आजाराबद्दल अवाक्षर नाही. मला तिथंच बरं वाटलं.

मानसिक आजारातून सावरलेल्या बायकांचा हा छोटा कारखाना. डॉक्टर आणि औषधांचा खर्च वेफर्सच्या विक्रीतूनच निघतो, उपकार कुणाचे नाहीत. एखादी आजारी पडली की बाकीच्या तिचं काम सावडीनं (आळीपाळीनं एकमेकींसाठी राबून) उरकतात. शिवाय प्रत्येकीनं बरी असतानाच सगळ्यांसमोर सांगून, लिहून ठेवलंय, आजार उलटला तर काय करायचं आणि आपल्या वतीनं कुणी बोलायचं. हा हक्क कायद्यानंच दिलाय, पण तो कुणी वापरताना मी पुण्यात काही पाहिला नव्हता.

मासवडीचं झणझणीत जेवण चाललं होतं, तेवढ्यात दारात जीप थांबली. तिथंच काम करणाऱ्या सुनीताचा थोरला भाऊ आला होता. गेले काही दिवस तिची झोप उडाली होती, एकटीच पुटपुटायची, म्हणून त्याला तिला लांबच्या एका संस्थेत ठेवायचं होतं. मागच्या खेपेला तिथं तिला कोंडलं होतं. सुनीताचा घास हातातच राहिला.

तिच्या वतीनं बोलायचं ते कमलनं, तिच्याबरोबर तळणीवर काम करणाऱ्या मैत्रिणीनं. "दादा, जबरदस्तीनं कुठं न्यायचं न्हाई, असं तिनं सांगून ठेवलंय. मंचरच्या डॉक्टरकडं जायाचं."

"घरचा मी का तू?"

"घरचे तुमीच. पण शब्द तिचा हाय."

भाऊ चिडला होता, पण त्याहून जास्त घाबरला होता. "आन् हिचं काम?"

"सावडीनं व्हईल."

सुनीतानं उठून हात धुतले. "दादा, मंचरला तूच ने. कमल संगं यील."

मलाही मंचरलाच परतायचं होतं, त्याच जीपमध्ये मागं बसले. एसटीला वेळ होता म्हणून दवाखान्यात डॉक्टरांच्या उघड्या दाराबाहेरच्या बाकावर टेकले. आत डॉक्टरांनी सवयीनं भावालाच विचारलं, "काय होतंय हिला?"

त्यानं सुनीताकडं पाहिलं. मग म्हणाला, "तिलाच इचारा, सायेब." आणि बाहेर येऊन माझ्याशेजारी बसला.

"ल्हानपणापास्नं तिच्या वतीनं मीच बोलायचो," एवढंच म्हणाला.

एसटीची वेळ झाली. आत सुनीता बोलत होती आणि डॉक्टर ऐकत होते. हे आपल्या जिल्ह्यात घडतंय, याचा मला अभिमान वाटला, सरळ सांगते. पुण्यापर्यंत मी ताठ बसून आले.