नवरीकडचे पंचवीस फोटो

"माझ्या डोळ्याखालनं गेल्याबिगर फोटू भायेर पडत न्हाई," असं वाल्मीक प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचाच. घोटावड्यात जयसिंगच्या फोटो स्टुडिओत लग्नाचे अल्बम त्याच्याकडं असत. घरचे लोक पसंत फोटोंचे नंबर लिहून देत. वाल्मीक ते एकेक शोधून दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकी. दोन दिवस जात. त्या दोन दिवसांत त्याचा चहा जयसिंग स्वतः आणून देई.

दोन हजार सात साली जयसिंगच्या माडीवर परभणीची किमया भाड्यानं आली. हिंजवडीला कंपनीत होती. एका रविवारी तिनं बारशाच्या फोटोंसाठी पंधरा-वीस ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहिला, नंबरांची यादी जोडली आणि वाल्मीकचा चहा निवायच्या आत निवडलेले सगळे फोटो नव्या फोल्डरमध्ये जाऊन बसले.

"बघ रं वाल्मिक्या," जयसिंग म्हणाला, "तुजं दोन दिस आन् ताईंचा एक घोट."

पुढच्या रविवारपासून चहा आधी तिच्याकडं जाऊ लागला, बशीसकट. कीबोर्डवर पळणारी तिची बोटं बघितली की वाल्मीक आपली खुर्ची भिंतीकडं वळवून घेई.

मग सगुणाबाईंच्या नातीचं लग्न आलं. कुणी रुसू नये म्हणून जयसिंग लग्नात दोन्हीकडं एकेक कॅमेरा देई, आणि दोन्हींचे नंबर एकापासूनच सुरू होत. किमयाला हे ठाऊक नव्हतं. तिनं स्क्रिप्ट चालवली तेव्हा वाल्मीकनं बघितलं, नवरीकडचे फोटो आधी गेले आणि त्याच नंबरचे नवऱ्याकडचे येऊन त्यांच्या जागी बसले. त्यानं मनात म्हटलं, अल्बम असाच छापून येऊ दे, मग कुणाला चहा मिळतो बघू.

पण किमयानं मोजलं. "वाल्मीकदादा, यादीत तीनशे बारा होते. इथं दोनशे सत्त्याऐंशीच आहेत. माझं कुठं चुकलं?"

"त्याला काय कळतंय त्यातलं, ताई," जयसिंग म्हणाला.

वाल्मीकनं पडद्यावर बोट टेकलं. "हितं सगुणाबाई व्हत्या. खुर्चीत बसवून आणल्या व्हत्या मांडवात. दोन कॅमेऱ्याचं नंबर एकच, म्हनून पुसल्या गेल्या."

किमयानं एक ओळ वाढवली. नंबराआधी कुणाकडचा फोटो ते लागू लागलं. पुन्हा चालवलं. तीनशे बारा. खुर्चीतल्या सगुणाबाई परत आल्या.

"आता हे कधीच चुकणार नाही," ती आनंदानं म्हणाली.

वाल्मीकला ठाऊक असलेली तेवढी एक गोष्टही आता तिच्या ओळींत गेली होती. त्यानं डब्याची पिशवी खांद्याला लावली.

"आज लौकर?" जयसिंगनं पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

वाल्मीक पायरी उतरला. पिरंगुटच्या रस्त्यानं तो वळणाआड जाईपर्यंत किमया तेवढी दारात उभी राहून बघत होती.