हरभऱ्यातला भोंगा
गाडीवरच्या हरभऱ्याच्या जुडीतले घाटे सोलले की बोटांना तो आंबूस वास लागतो आणि मोताळ्याजवळचं आमचं वावर आठवतं. मी तेव्हा पुण्यात कॉम्प्युटरवर संगीत करायला शिकत होतो आणि संक्रांतीला घरी आलो होतो. हरभऱ्यात रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप शिरायचा. बाबा म्हणाले, "माहा आवाज भरून दे बे त्या बॅटरीच्या भोंग्यात. दिवसभर किती बोंबलू मी?" मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, माईक धरून उभा राहिलो. बाबा ओरडले, "हाऽऽड! निंघा!" मग खोकले आणि दम खात मला म्हणाले, "ऊन लागून राह्यलं काय तुले? माही टोपी घाल." घरी मी लॅपटॉपवर खोकला, धाप, टोपीचं बोलणं, सगळं कापलं, निव्वळ आरोळी ठेवली आणि मूळ फाइल पुसून टाकली. भोंगा वाजला, रोही पळाले, बाबा खूश झाले. आता बाबा नाहीत. भाड्याच्या खोलीत हेडफोन लावून मी ती आरोळी संथ करतो, खोल उतरवतो, तिच्याखाली सूर धरतो. पण त्यांचा तेवढाच आवाज माझ्याजवळ उरलाय, आणि काहीही केलं तरी तो मला "निंघा" म्हणतो.