फोड सुकेपर्यंत

तळवड्यातल्या एका प्राथमिक शाळेत मी दुसरीचा वर्ग घेते. सहामाही परीक्षा संपलेली असते आणि दिवाळीची सुट्टी लागायला थोडा अवकाश असतो, ते मधले दिवस आम्हा शिक्षकांना जरा निवांत असतात. पेपर तपासून झालेले, वर्गात कागदाचे आकाशकंदील करायला घेतलेले. दुपारी ऊन चटके देतं आणि शाळा सुटल्यावरची कामं आटोपून संध्याकाळी दिघीला घरी पोचेपर्यंत गाडीवर गार वारा लागतो. गेल्या वर्षी याच दिवसांत शाळेतल्या मुलांच्या हातापायांवर बारीक फोड यायला लागले.

सुरुवात पहिलीच्या वर्गात झाली. आधी ताप, मग तळहातांवर आणि तळपायांवर लाल पुरळ, तोंडात फोड. काही पालकांना कांजण्या वाटल्या. डॉक्टरांनी सांगितलं की हा वेगळा आजार आहे, लहान मुलांमध्ये पटकन पसरतो आणि बहुतेक वेळा आठवडाभरात आपोआप जातो. आमच्या मुख्याध्यापिकांनी त्याच दिवशी पालकांच्या ग्रुपवर सूचना टाकली. ‘ताप अथवा पुरळ असलेल्या पाल्यास शाळेत पाठवू नये. फोड पूर्ण सुकल्यावरच पाठवावे. पाण्याची बाटली व डबा स्वतंत्र द्यावा. सूचनेचे पालन न झाल्यास पाल्यास परत पाठवण्यात येईल.’ खाली अंगठ्यांची रांग लागली. आम्हाला वाटलं, झालं काम.

दोन-तीन दिवसांनी माझ्या वर्गातली एक मुलगी छोट्या सुट्टीनंतर बाकावर डोकं टेकून बसली. सकाळी ती छान होती, कंदिलाच्या झिरमिळ्या कापत होती. मी कपाळाला हात लावला तर चटका बसला. तळहात उघडून पाहिला, त्यावर लाल ठिपके होते.

“सकाळी औषध घेतलं होतंस का?” मी विचारलं.

“आईनं दिलं. गोड होतं,” ती म्हणाली. आपण काही वेगळं सांगतोय हे तिच्या गावीही नव्हतं.

मी तिला मुख्याध्यापिकांच्या खोलीत बाकड्यावर झोपवलं आणि तिच्या आईला फोन लावला. ती चाकणला गाड्यांच्या वायरी जोडायच्या लाइनवर कामाला. लाइनवर मोबाइल जवळ ठेवू देत नाहीत, त्यामुळे निरोप पोचायलाच बराच वेळ गेला. शिफ्ट सुटायच्या आधी कंपनीची बस मिळत नाही, म्हणून ती रिक्षा बदलत आली. अंगात कंपनीचा शर्ट आणि गळ्यात ओळखपत्र तसंच होतं. पोरीजवळ जाऊन तिनं आधी तिचे पाय चाचपले.

मुख्याध्यापिका शांतपणेच बोलल्या. “ग्रुपवरचा मेसेज वाचला होता ना तुम्ही?”

“वाचला होता मॅडम.”

“मग औषध देऊन पाठवलंत?”

तिनं पोरीला उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणाली, “लेकरू घरी ठेवलं असतं तर बघायला कोण हाय? तिचे पप्पा ट्रकवर असतात, आत्ता गुजरातकडं गेलेत. आमचं सगळं माणूस परभणीला. मागं मलाच ताप आला तेव्हा सुट्ट्या झाल्या. कंत्राटावर हाय मी. आता परत सुट्टी टाकली तर ते म्हणतील, उद्यापासून येऊ नका.”

सूचना बरोबर होती आणि ही बाईही खोटं बोलत नव्हती.

दारात माझ्याच वर्गातल्या एका मुलाचे वडील उभे होते. त्यांच्या मुलाला आदल्या दिवशीच हाच आजार निघाला होता, त्याला किती दिवस घरी ठेवायचं हे विचारायला ते आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“मॅडम, एक बोलू का?” ते म्हणाले. “या आठवड्यात मला सेकंड शिफ्ट आहे. दुपारपर्यंत मी पोराजवळ घरीच असतो. मिसेसची ड्युटी सकाळची आहे, पिंपरीला. दोघांना एकच आजार आहे, म्हणजे एकमेकांचा लागायचा प्रश्न नाही. यांची मुलगी राहिली आमच्याकडे तर मला काही जड नाही.”

त्या बाईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. अनोळखी घरी मुलगी ठेवायची म्हणजे कुठल्याही आईला धास्ती वाटणारच. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. “माझ्या मिसेसशी आधी बोला,” ते म्हणाले. “संध्याकाळी घरी या, घर बघा. मग ठरवा.”

ती संध्याकाळी गेली, घर पाहिलं, दोघी बायका बोलल्या आणि ठरलं. फक्त एक अडचण राहिली. मुलाच्या वडिलांची कंपनीची बस दोनला निघायची, आणि दोघी आया कामावरून परत येईपर्यंत चार वाजायचे. शाळा साडेबाराला सुटते. मी म्हटलं, तो मधला वेळ मी थांबते.

मुख्याध्यापिकांना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “शाळेतर्फे नका करू बाई. उद्या काही झालं तर उत्तर शाळेला द्यावं लागेल. तुमचं तुम्ही करा.” मला ते थोडं लागलं. पण त्यांचंही चूक नव्हतं.

त्या मुलाचं घर दोन खोल्यांचं, स्वच्छ होतं. टीव्हीच्या वरच्या फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती, खिडकीत मुलाच्या चड्ड्या वाळत घातलेल्या. मी दुपारी जायचे तेव्हा त्याचे वडील डबा भरून तयार असायचे. “दोघांनी भात खाल्ला,” किंवा “ताप उतरलाय, पण चिडचिड चालू आहे,” असा अहवाल देऊन बससाठी निघायचे. मी दारातच साबणानं हात धुवायचे आणि निघतानाही धुवायचे, घरी गेल्यावर थेट न्हाणीघरात शिरायचे. मुलं जमिनीवर गाद्या टाकून पडलेली असायची. मी गोष्टी सांगायचे. वर्गात माझं ऐकणारी ही दोन मुलं तिथं मात्र माझं काही ऐकत नसत. मुलगा म्हणाला, “टीचर, हे माझं घर आहे.”

तिसऱ्या दुपारी मी गेले तर ते दारातच थांबले होते. चेहरा उतरलेला. “मॅडम, हिनं सकाळपासून काही घेतलं नाही. पाणीसुद्धा नाही. सू पण केली नाही. मला बस पकडायचीय, पण पाय निघत नाही.”

“तुम्ही जा, मी बघते,” मी म्हटलं आणि ते गेले खरे, पण मुलीला तोंड उघडायला लावलं तर जिभेवर, गालाच्या आत सगळीकडे फोड होते. पाण्याचा पेला दिसला तरी ती तोंड फिरवत होती. तिच्या आईसाठी मी कंपनीच्या ऑफिसात निरोप ठेवला. मग आणखी कोण सुचलं नाही म्हणून मुख्याध्यापिकांना फोन केला. मला वाटलं, त्या सांगतील डॉक्टरांकडे न्या. त्या म्हणाल्या, “पत्ता पाठवा.”

थोड्याच वेळात त्यांची स्कूटर गल्लीत आली. आम्ही दोन्ही मुलांना घेऊन कोपऱ्यावरच्या लहान मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जीभ पाहिली, पोट पाहिलं, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. म्हणाले, “गिळताना दुखतंय म्हणून पीत नाही. दुखणं कमी व्हायचं औषध देतो, ते दिल्यावर थोड्या वेळानं गार दूध, नारळपाणी चमच्याचमच्यानं द्या. तिखट, आंबट, गरम काही नको. संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही तर परत आणा, सलाइन लावू.”

घरी येऊन मुख्याध्यापिका साडीचा पदर खोचून जमिनीवर बसल्या. एक चमचा मुलाला, एक मुलीला. मुलीनं तोंड मिटलं की तो चमचाही मुलाला. “हिच्या वाट्याचं सगळं तू संपव रे,” असं त्या गंभीरपणे त्याला म्हणाल्या. तिसऱ्या-चौथ्या वेळी मुलीनं स्वतःच तोंड उघडलं. मी नारळ आणायला खाली जाऊन आले तोवर अर्धी वाटी दूध पोटात गेलं होतं.

तिची आई जिन्यावरून धावत आली तेव्हा मुलगी नुकतीच मोरीतून बाहेर येत होती. मी आधी तेवढंच सांगितलं, “लघवी झाली.” ती चपला घालूनच उंबऱ्यावर बसली. मुख्याध्यापिकांनी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि म्हणाल्या, “आता तुम्ही प्या.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. फोनवर जुनी सूचना उघडली होती. “हे आपण परत लिहू,” त्या म्हणाल्या. आम्ही दोघींनी बसून लिहिलं. मुलांची नखं कापा, शौचाहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणानं हात धुवायला लावा, एकाची बाटली दुसऱ्याला देऊ नका. तोंडात फोड असतील तर गार, मऊ, बिनतिखट द्या. मूल पाणी पीत नसेल, लघवी कमी होत असेल तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. तापाचं औषध देऊन शाळेत पाठवू नका. आणि शेवटी, रजा मिळत नसेल, घरी कोणी नसेल तर लपवू नका, आम्हाला फोन करा. तुमच्या जवळपास राहणाऱ्या दुसऱ्या पालकांशी बोलून काही जमतंय का ते पाहू.

परत पाठवण्याचं वाक्य त्यांनी स्वतः काढलं.

एका पालकांनी ग्रुपवर विचारलं की आजारी मुलांची सोय लावणं हे शाळेचं काम आहे का. मुख्याध्यापिकांनी उत्तर दिलं, “नाही. आम्ही फक्त फोन लावून देतो.” त्यावर पुढे कोणी काही लिहिलं नाही. मात्र त्या आठवड्यात तीन-चार फोन आले, बहुतेक आयांचे, दबक्या आवाजातले. काहींची गाठ घालून देता आली. एकीची नाही आली, तिला रजा टाकावी लागली आणि तिचे पैसे कापले गेले.

सुट्टी टाकावी न लागल्यामुळे त्या परभणीच्या बाईची नोकरी टिकली. आठवडा बदलला तशी मुलाच्या वडिलांची शिफ्टही बदलली, पण तोवर फोड सुकून खपल्या पडायला आल्या होत्या. दोन्ही मुलं सुट्टीच्या तोंडावर एकाच दिवशी शाळेत परत आली. त्यांची आता घट्ट मैत्री झाली असेल या कल्पनेनं मी त्यांना एका बाकावर बसवलं.

मधल्या सुट्टीच्या आत मुलगी माझ्या टेबलाशी आली. “टीचर, मला दुसरीकडे बसवा,” ती म्हणाली. “बाकावर पण तो सारखा म्हणतो, हे माझं घर आहे.”

मी तिला खिडकीशेजारच्या बाकावर बसवलं.