कायम पास होणारी साखर

डॉक्टरबाईंचा आवाज खालच्या रस्त्यावर ऐकू यायचा. दवाखाना वरच्या मजल्यावर, खिडकी बंद, डोक्यावर पंखा घरघरतोय, तरी खाली बसणारा चांभार हातातल्या बुटावरची नजर न काढता सांगायचा, "आज कुणीतरी गोळ्या अर्ध्यावर सोडल्यात." आणि त्याचा अंदाज सहसा चुकत नसे.

बरं, बाईंनी ओरडू नये तर काय करावं, तुम्हीच सांगा. ताप उतरला की लोकांचं औषध बंद. उरलेल्या गोळ्या शेजारणीला, कारण तिलाही ताप! अहो, एकीचा ताप घशातून आलेला, दुसरीचा लघवीच्या जळजळीतून, गोळी तीच कशी चालेल? बँकेतला एक कारकून रक्तदाबाची गोळी परस्पर सोडून छाती काढून सांगायचा, "नॉर्मल आलंय की आता, मग कशाला घेऊ?" बाई कपाळाला हात लावायच्या. "गोळीमुळे नॉर्मल आलंय हो! छत्रीत कोरडे राहिलात म्हणून भर पावसात छत्री फेकून देता का?" छातीत दुखलं की गॅस, पाय सुजले की हवा बदलली. मोबाइलवर वाचून येणाऱ्यांची तर बातच सोडा; साध्या खोकल्याला ते घरूनच कॅन्सर ठरवून यायचे. आणि जो खरा आजारी, तो म्हणायचा, "काही नाही हो, सहज आलो होतो." दिवसभर पालथ्या घड्यावर पाणी ओतून बाईंच्याच घशाला कोरड पडायची.

मोठ्या हॉस्पिटलातून त्यांना दोनदा बोलावणं आलं होतं. त्या गेल्या नाहीत. "तिथे एकजण गुडघा बघतो, एकजण कान बघतो," त्या म्हणायच्या. "मला अख्खा माणूस बघायचाय." हे त्या अभिमानाने म्हणायच्या, आणि हेच पुढे त्यांच्या अंगाशी आलं.

या सगळ्या गोंधळात एकच माणूस शहाणा होता. कोपऱ्यावरचे टेलरमास्तर. साखरेचा आजार जुना, पण वागणं कसं, घड्याळासारखं. तपासणीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या, आणि उपाशीपोटीची साखर कायम जागच्या जागी. बाई दार उघडून बाहेरच्या बाकावरच्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "शिका, जरा मास्तरांकडून शिका!" मास्तर लाजून मान खाली घालायचे. आता साखरेच्या पेशंटचे पाय बघायचे असतात, हे बाईंना काय कुणी सांगायला हवं? पण मास्तर म्हणायचे, "नाड्या सोडायला वेळ लागेल, बाहेर गर्दी आहे," आणि बाईंना वाटायचं, खरंच आहे, यांना काय धाड भरलीये. मास्तर अलीकडे जरा वाळले होते. वय झालं, असं बाईंनी स्वतःलाच सांगून टाकलं.

त्या दिवशी मास्तरांची बायको आली, ती स्वतःच्या पित्तासाठी. पोट दाबून झालं, जीभ बघून झाली. उठता उठता ती सहज बोलून गेली, "उद्या यांची परीक्षा झाली की सुटले बाई मी एकदाची."

"कसली परीक्षा, वहिनी?"

वहिनींनी जीभ चावली. पण बाईंची नजर अशी, की भिंतसुद्धा बोलली असती. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तपासणीच्या आधी आठवडाभर मास्तरांचं गोड बंद, भात बंद, नुसती उकडलेली भाजी. गोळ्या वेळेवर. सकाळ-संध्याकाळ चालणं. चिडचिड इतकी, की घरात कुणी मोठ्याने श्वास घ्यायची सोय नाही. आणि तपासणी झाली की घरी येताना बेकरीतून क्रीमच्या केकचा खोका. मग पुढची परीक्षा येईपर्यंत येरे माझ्या मागल्या.

"आणि हो," वहिनी आता थांबेनात, "बाहेर बाकावर बसून सगळ्यांना हेच शिकवतात. आधी काय खायचं, किती दिवस सोडायचं. तुमचे निम्मे पेशंट यांच्याच शिकवणीतले आहेत."

खाली चांभाराने त्या दिवशी हातातला बूट बाजूला ठेवला. एवढा आवाज त्यानेही कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले, शर्ट-बूट-नाड्यांसकट. बायकोने घरी काही सांगितलं नव्हतं. बोट पुढे करून ते ऐटीत बसले.

"बोट राहू द्या. आज शिरेतून रक्त घेणार आहे. तीन महिन्यांची साखर कळते त्यात. आठवडाभराच्या सोंगाने ती फसत नाही," बाई म्हणाल्या. मास्तरांचा चेहरा पडला. "आणि बूट काढा."

"बूट कशाला? बाहेर गर्दी..."

"गर्दी गेली खड्ड्यात! बूट!"

उजवा निघाला. डाव्याला मास्तर हात लावेनात. शिलाई मशीनचा पायटा ते डाव्या पायाने दाबायचे. शेवटी बाई स्वतः खाली बसल्या, नाड्या सोडल्या, बूट ओढला. मोजा अंगठ्यापाशी चिकटला होता. पाण्याने भिजवून तो सोडवला, तेव्हा सिस्टरने न सांगता खिडकी उघडली. इतका वास होता.

अंगठा काळानिळा, सुजलेला. त्याच्या खाली एक छिद्र, भोवती पू, आणि दिव्याखाली आत काहीतरी चकाकलं. टाचणी. दुकानातली, कापडाला लावतात ती, डोकं मोडलेली.

"ही कधी घुसली?"

"काय घुसली?" मास्तर वाकून बघू लागले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मोज्याला डाग दिसायचा, बूट चावला असेल म्हणून ते कापूस लावून मोकळे व्हायचे. "दुखत तर नव्हतं ना, बाई. दुखत नाही म्हटल्यावर बरंच होतं की."

साखरेने पायाची जाणीवच मारून टाकलेली. दुखणार कुठून? बाई तशाच जमिनीवर बसून राहिल्या, पाय हातात धरून.

मास्तर घाबरले. "बाई, ओरडा ना," ते म्हणाले. "तुम्ही ओरडत नाही म्हणजे... पाय गेला का माझा?"

"एकदा तरी सांगायचं होतंत मला, मास्तर."

"कसं सांगणार? डाग दाखवला असता तर वाढलेली साखर उघडी पडली असती. आणि तुम्ही तर सगळ्यांसमोर माझं नाव घ्यायचात." त्यांनी काढलेला बूट जवळ ओढून घेतला. "बाकीचे नापास झाले तर शिव्या खातात, घरी जातात. मी कुठल्या तोंडाने नापास होणार होतो?"

बाई आयुष्यभर लोकांवर चिडल्या, पण आता चिडायचं कुणावर? अख्खा माणूस बघते म्हणे! टाचणी तशीच ठेवून त्यांनी जखमेवर पट्टी बांधली, इंजेक्शन दिलं आणि सर्जनच्या हॉस्पिटलला फोन लावला. तिकडून कुणीतरी खाट रिकामी नाही म्हणालं.

"नाही म्हणजे काय? माणूस पाठवतेय मी, पार्सल नाही! पाय जाईल त्याचा!"

पंखासुद्धा दचकला असेल. मास्तरांच्या चेहऱ्यावर मात्र जरासा रंग आला. ओरडतायत म्हणजे अजून आशा आहे.

अंगठा गेला. पाय वाचला. पायटा आता मास्तर उजव्या पायाने दाबतात, शिवण सुरुवातीला थोडी वाकडी जायची, आता जात नाही.

आणि दवाखान्यात आता साखरेचा पेशंट आला की आधी बूट, मग बाकी सगळं. बाई प्रत्येकाला सांगतात, "काल काय खाल्लं ते खरं सांगा, मी ओरडणार नाही." कुणाचा विश्वास बसत नाही. बसावा तरी कसा?

परवा मास्तर आले. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "आधीच सांगतो, साखर वाढली असणार. नातीच्या वाढदिवसाला केक खाल्ला."

"किती?"

"एक तुकडा." मग जरा थांबून, "तीन."

सिस्टर सवयीने खिडकी लावायला निघाली. बाईंनी ओठ आवळले, नाकाने एक मोठा श्वास घेतला. मग म्हणाल्या, "बरं. खरं सांगितलंत. बूट काढा."

मास्तरांनी नुसते पाय वर केले. बूट आपोआप खाली पडले. नाड्या घरूनच सोडून आले होते.

"असे जिना चढून आलात? लोंबत्या नाड्यांनी? पडून मान मोडली असती म्हणजे!" बाईंचा आवाज थेट रस्त्यावर गेला. "अक्कल गहाण ठेवलीये का?"

खाली चांभार कान देऊन ऐकत होता, पण गोळ्यांचं प्रकरण दिसेना, म्हणून परत टाके घालू लागला. वर मास्तर दोन्ही पाय पुढे करून खुशीत बसले होते, एक पाच बोटांचा, एक चार बोटांचा, आणि बाई जमिनीवर बसून ओरडत ओरडत एकेका बोटाच्या फटीत दिवा धरून बघत होत्या.