सगळ्यांना बसणारी बंदूक

सरकारी टेबलापाशी माणसं कागद घेऊन येतात आणि जाताना एखादी गोष्ट ठेवून जातात. कागद साहेबांकडे जातो, गोष्ट मात्र टेबलाजवळच राहते! सिल्वासाला मी बंदुकीच्या परवान्यांच्या टेबलावर होतो, तेव्हा अशा गोष्टींचा नुसता ढीग जमला. मी मूळचा गुहागरचा. भुताखेतांचा कोटा गावीच पूर्ण करून आलो होतो, त्यामुळे इथलं काही ऐकलं की हसायचो. एका बंदुकीचे किस्से मात्र मला अजून हसत सांगता येत नाहीत. बघू, आज जमतं का.

*

परवान्याच्या अर्जात एक रकाना असायचा. बंदूक कशासाठी हवी?

शिकारीवर बंदी येऊन बराच काळ लोटला होता. 'शिकार' हा शब्द अर्जात आला की अर्ज गेलाच म्हणून समजा! त्यामुळे सगळे मुकाट्यानं 'पीक संरक्षण' लिहायचे. कुंडीतल्या तुळशीपलीकडे ज्यांचं काही पीक नव्हतं, तेसुद्धा.

नव्वद साल उजाडायचं होतं. एके दिवशी दुधनीची सविता आली. बावीस वर्षांची, आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली, अक्षर सुरेख. रकान्यात लिहिलं होतं : 'शिकार. एका डुकराची.'

मी म्हटलं, "बाई, हे खोड आधी."

"का साहेब? खोटं लिहू?"

"खोटं नको. पीक संरक्षण लिही."

"पिकाचं मागून बघू. पहिलं ते डुकर."

मग तिनं सांगितलं. गेल्या कापणीच्या आधी रान राखताना त्या डुकरानं तिच्या वडिलांना उडवलं होतं. मांडी फोडली, हाड मोडलं. त्यांची ठासणीची जुनी बंदूक त्यांच्याच अंगाखाली सापडून दुभंगली. तेव्हापासून माणूस खाटेवर. आई नाही, दोन भावंडं लहान. यंदा भात पोटरीत आलं होतं आणि ते डुक्कर पुन्हा यायला लागलं होतं.

"भात गेलं तर मला आमलीत कंपनीत लागावं लागेल, साहेब. मग बाबांना कोण उठवणार-बसवणार?"

"बंदूक कधी चालवलीयस?"

"हात लावू देत नव्हते. 'मी आहे ना' म्हणायचे."

मला फार वाईट वाटलं. पण नियम तो नियम. मी खोडरबर पुढे केला. तिनं खोडलं आणि विचार करून लिहिलं : 'डुकरापासून पिकाचं संरक्षण.'

डुक्कर काही सोडलं नाही पोरीनं!

*

पहिली बंदूक घ्यायची तर आमलीत छगनमिस्त्रींकडे जायचं, हे सगळ्या दादरा-नगर हवेलीला ठाऊक होतं. दुकानात पुढे शिलाई मशिनं आणि कुलपं, मागे जाळीच्या कपाटात बंदुका. शनिवारी कचेरी सुटली की मी आणि देवरेसर तिथे चहाला बसायचो. देवरेसर धुळ्याकडचे, शाळेत गणित शिकवायचे, उंची सहा फूट.

नवशिक्याला काय द्यायचं, यावर मिस्त्रींचं मत पक्कं होतं. "हलकी पायजे, ने एकनळी. दुनळी दिली के माणसाला वाटते, एक बार चुकला तो दुसरो छे ने!"

माप घ्यायची त्यांची पद्धत खास होती. बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघायचे. मग गिऱ्हाइकाला म्हणायचे, "डोळे बंध करा. खांद्याला लावा. आता उघडा." आणि स्वतः समोर उभं राहून त्याच्या डोळ्यात बघायचे. नळीच्या टोकाला एक बारीक मणी असतो, त्याला माशी म्हणतात. डोळा उघडल्याबरोबर बरोब्बर माशीच्या मागे आला, तर बंदूक बसली. नाही आला, तर दुसरी बघा.

देवरेसरांनी दादऱ्याच्या पुढे आंब्याची वाडी घेतली होती. तिच्यासाठी ते पोराला, विजयला, घेऊन आले. सरांनी स्वतःच कपाटातली सगळ्यात लांब बंदूक काढली. विजयनं डोळे मिटून खांद्याला लावली तर मागचा लाकडी दस्ता काखेत अडकला. डोळे उघडले तेव्हा त्याला फक्त छताचा पंखा दिसत होता.

"सर, मोटी पडते," मिस्त्री म्हणाले.

"असू द्या हो. मना पोऱ्या अजून वाढी! शाळेचा शर्ट आपण वाढत्या अंगाचाच घेतो ना भो!"

मिस्त्रींनी विजयकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"सर, एकवीस वरसनो घोडो थयो. हवे केटलो वाढशे?"

*

पुढच्याच शनिवारी कपाटात एक नवी एकनळी दिसली. नवी म्हणजे जुनीच. पोर्तुगीज अमदानीतल्या एका बंद बंगल्यातून निघालेली, रीतसर जमा होऊन, कागद होऊन मिस्त्रींकडे विकायला आलेली. वीस बोरची, म्हणजे बारीक नळीची, हातात घेतली तर जाणवूसुद्धा नये इतकी हलकी. नवशिक्याला याहून चांगली मिळायची नाही.

विजयनं डोळे मिटले, खांद्याला लावली, डोळे उघडले. मिस्त्री म्हणाले, "वा! एकदम बरोबर."

गंमत म्हणून देवरेसरांनी लावली. विजय त्यांच्या खांद्याइतका. तरीही बरोबर!

"सावंत, तुम्ही लावा."

मी पाच फूट दोन इंच. मलाही बरोबर!

मिस्त्री डावखुरे. त्यांनी डाव्या खांद्याला लावली आणि मला समोर उभं केलं. त्यांचा डोळा नेमका माशीच्या मागे होता. त्यांनी टेप काढली, दस्ता मोजला. साडेतेरा इंच. पुन्हा मोजला, साडेतेराच. मग आमच्या तिघांच्या हातांकडे बघत बसले.

"आ मने नथी गमतुं," ते हळूच म्हणाले. आपल्याला हे आवडलेलं नाही म्हणून.

"अहो, चांगलंच आहे की!" देवरेसर म्हणाले. "सगळ्यांना बसते म्हणजे घरात एकच पुरेल!"

*

आठ दिवसांत विजय बंदूक घेऊन परत आला.

"काय, बिघडली?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही काका, बंदूक एकदम ओके आहे."

"मग?"

"चाप ओढायच्या आधी श्वास रोखायचा, असं तुम्हीच सांगितलं ना?"

"हां."

"माझ्या आधी कोणीतरी रोखतं."

आम्ही हसलो. देवरेसर म्हणाले, "अरे, तुझाच असेल!"

"नाही पप्पा. माझा चालू असतो तेव्हा. कानाशी दुसरा एक थांबतो. तो थांबला ना, की मग कळतं, इतका वेळ चालू होता."

यावर कोणी हसलं नाही. विजय बंदूक तिथेच ठेवून गेला. देवरेसर मात्र त्या दिवशी अर्धा कप चहा ठेवून उठले, आणि सर चहा टाकणारे नव्हेत.

*

जनावरांचे एक तरुण डॉक्टर मुंबईहून बदलून आले होते, बर्वे नावाचे. त्यांनाही पहिलीच बंदूक घ्यायची होती. विजयचा किस्सा ऐकून त्यांना चेव आला.

"नॉनसेन्स! द्या इकडे. बघू कोण श्वास घेतंय!"

मधुबन धरणाच्या काठावर दगडावर पत्र्याचा डबा ठेवून ते रोज सकाळी सराव करायचे. पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी ते दुकानात आले, बंदूक मिस्त्रींच्या पुढ्यात ठेवली आणि डावा डोळा चोळत उभे राहिले.

मी म्हटलं, "काय डॉक्टर, श्वास?"

"छे! श्वासबिस काही नाही. डोळ्याचा प्रॉब्लेम आहे."

"नेम धरताना डावा मिटत नाही का?"

"मिटतो. मिटल्यावर त्याला दिसतं."

"काय दिसतं?"

"मी. समोरून."

मी म्हटलं, "म्हणजे... डब्याच्या बाजूनं?"

"डब्याला डोळे नसतात, सावंत!" ते केवढ्यांदा ओरडले! मग खाली बसले आणि मिस्त्रींकडे पाणी मागितलं.

महिन्याभरात त्यांनी बदलीसाठी अर्ज केला. कारण : डोळ्यांची तक्रार. तेही बिचाऱ्यानं खरंच लिहिलं होतं.

*

डॉक्टरांनी बंदूक परत केली त्याच आठवड्यात सविताचा परवाना झाला. भाताच्या लोंब्या वाकल्या होत्या. डुक्कर एक दिवसाआड येत होतं आणि ती पत्र्याचा डबा बडवून त्याला हाकलत होती. तिचे हात बडवून बडवून सोललेले मी पाहिले.

दुकानात तिला पेलेल अशी दुसरी बंदूक नव्हती. एक होती ती इतकी जड की तिला सरळ धरता येईना. नवी मागवायची तर महिना, आणि कापणी पंधरा दिवसांवर.

मिस्त्रींनी काय करावं? त्यांनी करवत घेतली आणि त्या सगळ्यांना बसणाऱ्या बंदुकीचा दस्ता एक इंच कापला! "बेनच्या मापाची करते," म्हणाले. पण मला वाटतं, बंदुकीची खोड मोडावी म्हणून कापला. तुकडा टेबलावर पडला. टेपनं मोजलं, साडेबारा. त्यांनी सविताला लावायला दिली. बसली. बसणारच, तिच्याच मापाची केली होती.

मग ते देवरेसरांना म्हणाले, "सर, जरा तुम्ही."

सहा फुटी देवरेसरांनी डोळे मिटले, खांद्याला लावली, उघडले. मिस्त्री समोरून बघत होते. बघता बघता ते मागे सरकले आणि स्टुलावर बसले. आम्हाला विचारायची गरज पडली नाही.

तेव्हा मीच सविताला सगळं सांगितलं. श्वासाचं सांगितलं, डोळ्याचं सांगितलं, काही लपवलं नाही. मी घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू? पोर एकटी शेतातल्या माळ्यावर बसणार, हातात ही बंदूक, आणि पुढ्यात बापाला उडवलेलं जनावर! परवान्यावर शिक्का माझ्या हातचा. उद्या काही झालं तर मी त्या खाटेवरच्या माणसाला काय तोंड दाखवणार होतो?

तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"श्वास कोणीतरी रोखतं?"

"हो."

"त्यानं डुकर पळतं का?"

"नाही... तसं नाही."

"मग चालेल," म्हणाली आणि बंदूक उचलली.

*

तो आठवडा माझा कसा गेला ते मलाच ठाऊक. दुधनीकडचा कोणी कचेरीत आला की मी आधी सविताची चौकशी करायचो. दोनदा तर अर्ज उलटा धरून वाचला.

शनिवारी दुपारी आम्ही तिघं दुकानात होतो. सविता आली. गोणपाटात गुंडाळलेली बंदूक खांद्याला, चेहरा उन्हानं रापलेला, पण धडधाकट! मला इतकं हायसं वाटलं की मी उठून तिला माझी खुर्ची दिली.

"आलं होतं?" मिस्त्रींनी विचारलं.

"आलं. कालच, फटफटताना. माळ्यापासून वीस पावलांवर होतं."

"मग?"

"एकच बार. तिथंच बसलं."

देवरेसरांनी मांडीवर थाप मारली. "शाब्बास भो! पहिल्या बारात!" त्यांनी लगेच समोरच्या हॉटेलातून भजी मागवली. सविता म्हणाली, सोमवारी भात कापायला घेतोय. पावसाची भीती नाही, डुकराची तर नाहीच. तिला हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

मी भीतभीत विचारलं, "श्वास?"

"नाही ऐकू आला."

"आणि डावा डोळा?"

"मिटला. काळोख."

मिस्त्रींनी मोठा सुस्कारा सोडला. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला. भजी आली. मिस्त्री आता नेहमीसारखं गिऱ्हाइकाला समजावू लागले.

"बेन, हलकी बंदूक धक्का जोरात देते. पहिल्या बारला खांद्यावर निळा वळ उठतोच, घाबरायचं नाय. हळद लावा, मिठाचा शेक द्या, चार दिवसात जाते."

"मला नाही उठला, काका."

"असं कसं? नीट दाबून धरली नसेल तो जास्ती लागते."

"धक्का लागलाच नाही मला." तिनं भज्याचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. "बाबांच्या उठलाय. उजव्या खांद्यावर, दस्त्याएवढा. निळा नाही, काळा पडलाय."

मी हातातलं भजं परत कागदावर ठेवलं.

मी म्हटलं, "बाबा... शेतावर आले होते?"

"साहेब, ते कुठले येतात? वर्ष झालं खाटेवर आहेत. मी घरी आले तेव्हा घामानं भिजलेले होते. मी काही सांगायच्या आधीच म्हणाले, 'पडलं ना?'"

देवरेसर भज्यांच्या कागदाकडे बघत होते. मिस्त्री उठले, दोन्ही हात पुढे करून तिच्यासमोर उभे राहिले.

"बेन, बंदूक ठेवून जा. दुसरी मागवून देते. मी स्वतः दुधनीला घेऊन येते."

"नको काका." तिनं गोणपाट पुन्हा नीट गुंडाळलं. "अजून दोन डुकरं आहेत, कापणी होईपर्यंत लागेल. फक्त डाव्या खांद्यानं कशी धरायची तेवढं दाखवा."

"डाव्या? तुम्ही तर उजव्या हाताच्या."

"हो. पण बाबांनी सांगितलंय, पुढचा बार डावीकडून काढ, उजवा फार ठणकतोय."