आमची एकी, त्यांची गटबाजी

रोज सकाळी मशीन सुरू होण्याआधी कटिंगमास्तर कापडावरून तळहात फिरवायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा. कारखान्यातल्या शिलाईवाल्यांत खिडकीजवळ बसणारे आणि दाराजवळ बसणारे असे दोन तट पडले होते, तरी दोन्हीकडचं कापड मास्तरच कापत. खिडकीवाले म्हणत, "आमची ती एकी, दारवाल्यांची गटबाजी." दारवालेही हेच म्हणत, फक्त उलटं.

मोठ्या ऑर्डरच्या वेळी, कुणाला कमी-जास्त नको म्हणून सारखे गठ्ठे वाटण्याच्या नादात, मास्तरांकडून सगळ्या डाव्या बाह्या खिडकीकडे गेल्या आणि उजव्या दाराकडे. अदलाबदल पाच मिनिटांची होती. पण आधी मागायचं कुणी?

"मास्तर, मुद्दाम केलंत. तुम्ही त्यांचेच!" दोन्हीकडून तेच.

"अरे बाबांनो, शर्ट एकाच माणसाच्या अंगात जायचाय!"

मास्तरांनी स्वतः गठ्ठे उचलून पोचवले. "त्यांच्या टेबलावरची बाही आम्हाला नको," म्हणत दोघांनीही ते परत पाठवले. मुदत टळली, ऑर्डर गेली. मालकाने कारखाना बंद करायचं ठरवलं.

शेवटच्या दिवशी खिडकीवाले आधी निघाले, दारवाले मागून, मधे अंतर ठेवून. त्या सगळ्या पाठींकडे बघत मास्तर म्हणाले, "पंखे बंद करा रे जाताना."